तेवीस किलो, एक कांदा आणि लमाणांचे बैल

गेल्या शनिवारी आमच्या घरात एक महत्त्वाची मीटिंग झाली. अजेंडा एकच: जुलैत सिसिलीला जायचंय, तर बॅगा कशा भरायच्या? मी एक्सेलमध्ये शीट बनवली होती. वस्तू, नग, वजन, कोणाच्या बॅगेत, आणि शेवटी बेरीज. प्रत्येकी तेवीस किलो. बायकोने शीट बघितली, हसली आणि म्हणाली, "अरे, आपण आठ दिवस फिरायला चाललोय, रिलीज नाही करत आहोत."

तेवढ्यात वाशीमहून आईचा फोन.

"बापू, तिकडं ऊन रायते का?"

म्हटलं, असतं. २०२१ च्या ११ ऑगस्टला त्याच सिसिलीत, फ्लोरिडिया नावाच्या गावाजवळ ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं. युरोप खंडाचा विक्रम आहे तो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकला तर ती बातमीसुद्धा होत नाही, पण ४८.८ म्हणजे आपल्यालाही हात जोडायला लावणारं प्रकरण.

आई दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "कांदा ठेवजो खिशात."

आता इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी तिला सांगितलं की खिशातल्या कांद्याने ऊन लागायचं थांबत नाही, पाणी आणि मीठ पोटात जावं लागतं. वर ज्ञान पाजळलं की युरोपियन युनियनमध्ये बाहेरून ताजी फळं-भाज्या सर्टिफिकेटशिवाय नेता येत नाहीत. केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट. कांदा त्या यादीत नाही. तूप-पेढेही बाद, कारण दुधाचे पदार्थ चालत नाहीत.

"मंग काय नेता तुम्ही? नुसते कपडे?" एवढं बोलून आईने विषय बदलला.

फोन ठेवल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. खरंच की! उन्हाळ्यात प्रवासाला निघणं हे आपल्या भागाला नवीन नाही. मी लहान असताना अकोला-पूर्णा मीटरगेजने आजोळी जायचो (२००८ मध्ये तो मार्ग ब्रॉडगेज झाला), तेव्हाचं सामान मला आजही पाठ आहे. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, दशम्यांचा डबा (दुधात भिजवलेल्या, म्हणून दोन दिवस टिकणाऱ्या), फिरकीचा तांब्या, मातीची सुरई आणि वडिलांच्या डोक्याला दुपट्टा. सुरईतलं पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं आणि आतलं पाणी गार होतं. हवा कोरडी असेल तरच हे नीट जमतं, म्हणून वऱ्हाडात सुरई आणि कूलर चालतात आणि मुंबईत त्यांचा काही उपयोग होत नाही. गंमत म्हणजे स्पेनमध्ये अगदी हाच प्रकार आहे. बोतिहो म्हणतात त्याला, बिनझिलईचा मातीचा चंबू. तिकडच्या शेतावरचा माणूस आणि आमच्या वाशीमचा माणूस एकमेकांना न विचारता एकाच उत्तरावर पोचले!

तर मंडळी, प्रश्न असा पडला की त्याच्याही आधी काय? ट्रंका नव्हत्या, रेल्वे नव्हती, तेव्हा आपल्या भागातले लोक भर उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला निघताना काय भरायचे? आणि मुळात उन्हाळ्यात निघायचेच कशाला?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या पायाखाली आहे. काळी माती. ज्यांनी पावसाळ्यात मंगरूळपीर किंवा रिसोडकडचं शेत पाहिलंय त्यांना सांगायला नको. एक चप्पल उचलली की दोन किलो चिखल वर येतो. पक्के रस्ते नसताना जून ते सप्टेंबर बैलाला चालवणं म्हणजे बैल गमावणं. म्हणून दिवाळीपासून मृगापर्यंत जमीन टणक असताना मालाची ने-आण करायची, आणि त्यात सगळा उन्हाळा यायचा. म्हणजे आपल्या आजच्या 'व्हेकेशन सीझन'मध्ये या मुलखातले सर्वात मोठे प्रवासी कामावर असायचे. ते प्रवासी म्हणजे बंजारे. लमाण.

लमाण हा शब्द 'लवण' म्हणजे मीठ यावरून आला असं सांगतात. किनाऱ्यावरचं मीठ आत न्यायचं, आतलं धान्य बाहेर काढायचं. वाहन कुठलं, तर बैल. गाडीला जुंपलेला नाही, पाठीवर ओझं घेतलेला. गाडीला वाट लागते, पाठीवर ओझं असलेला बैल घाटातून, नाल्यातून, झाडीतून कुठूनही जातो.

त्यांचं प्रमाण ऐकून मी चाट पडलो. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज व्यापारी १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात प्रवास करत होता. त्याला वाटेत एक तांडा भेटला, त्याने लिहून ठेवलंय, १४,००० बैलांचा. सगळ्यांवर धान्य. बायका, मुलं, घरदार सोबत. दिवसाची चाल फार तर सहा-सात मैल. मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. एका बैलाला अडीच मीटर जागा धरली आणि सगळे एकामागे एक चालले तर रांग होते ३५ किलोमीटरची. आणि दिवसाची चाल जेमतेम १०-११ किलोमीटर! म्हणजे एका रांगेत चालणं शक्यच नाही. रुंद पसरून, टप्प्याटप्प्याने, चरत चरत जात असणार. हे नुसतं ट्रॅफिक मॅनेजमेंट म्हणून बघितलं तरी हिंजवडीच्या चौकात उभं राहणाऱ्याला नमस्कार करावासा वाटेल :)

तावेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या त्याच शतकातला. तो दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं सांगतो आणि एका बैलावरचं ओझंही देतो: ३०० ते ३५० पौंड. त्याचे फ्रेंच पौंड धरले तर साधारण दीडशे ते एकशे सत्तर किलो.

आता पॅकिंगकडे येऊ. बैलाच्या पाठीवर टाकायची ती गोण. दोन्ही बाजूंना दोन पोती लोंबतील अशी. (इंग्रजीतली 'गनी बॅग' आपल्या गोणीवरूनच गेली.) दोन्ही बाजूंचं वजन सारखं असायलाच हवं, नाहीतर दोन मैलांत बैलाची पाठ सोलवटून निघते. आणि हे एकदाच भरून भागत नाही. रोज मुक्कामाला सगळं उतरवायचं, बैल चरायला सोडायचे, गोणी रचून त्यांचाच आडोसा करायचा, दुसऱ्या दिवशी परत सगळं चढवायचं. हजारो बैल, रोज. माझी बॅग एअरपोर्टवर एकदा उघडायला लावली तर माझा दिवस खराब जातो.

दुसरी गोष्ट मला पार चकित करून गेली, ती वऱ्हाडच्या कापसाची. आपला कापूस आधी बैलांवरून थेट मिर्झापूरला, गंगेच्या काठी जायचा आणि तिथून नावेने कलकत्त्याला. मुंबईला तो पहिल्यांदा पाठवला विकाजी-पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी, १८२५-२६ साली. ५०० बैल आणि १,२०,००० पौंड कापूस. भागाकार करा: बैलामागे २४० पौंड, म्हणजे १०९ किलो. तावेर्निएच्या धान्यवाल्या बैलापेक्षा बरंच कमी. का? मला वाटतं, कारण कापूस फुगतो. बैलाची ताकद संपायच्या आधी गोणीतली जागा संपते. आपल्या केबिन बॅगचं दुखणं तेच. वजन सात किलोच्या आत असतं, पण चेन लागत नाही! धान्याला वजनाची मर्यादा आणि कापसाला जागेची. पॅकिंगमधली ही दोन मूलभूत बंधनं आमच्या वऱ्हाडच्या वाटांवर दोनशे वर्षांपूर्वी रोज सोडवली जात होती.

तशी कापडाची ख्याती आपल्याकडे जुनीच. वाशीम जिल्ह्यातलं कारंजा ही त्या काळची श्रीमंत पेठ. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटली, त्यानंतर काही आठवड्यांतच मराठे कारंज्यावर आले. तिथून उंची कापड, सोनं आणि चांदी जी नेली ती चार हजार बैल-गाढवांवर लादून, असं जदुनाथ सरकार लिहितात. चार हजार जनावरं मिळवणं, भरणं आणि मोगल फौज पाठीवर यायच्या आत निघणं! आपण शाळेत तलवारी वाचतो, पण ही गोणी बांधणारी माणसं कोणी शिकवत नाही. १८०३ मध्ये वेलस्लीची फौज आडगाव आणि गाविलगडापर्यंत आली, तीही बंजाऱ्यांच्या धान्याच्या भरवशावरच. फौज पोटावर चालते आणि पोट बैलांवर.

पण माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून यायचंय. इतक्या उन्हात, इतक्या जनावरांसाठी पाणी आणि चारा कसा भरायचे?

भरायचेच नाहीत! हिशोब करा ना. उन्हाळ्यात एक बैल दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज पितो. पाणी लादलं तर माल कुठे लादणार? म्हणून वाट आखायची ती पाण्यापासून पाण्यापर्यंत. आणि त्या पाण्यावर आपला हक्क असायला हवा. या हक्काची एक प्रसिद्ध कथा आहे. शाहजहानच्या दख्खन मोहिमेत, १६३० च्या सुमारास, आसफखानाच्या फौजेसोबत भंगी आणि जंगी नावाचे दोन नायक होते. त्यांच्याकडे १,८०,००० बैल होते असं परंपरा सांगते. त्यांचे बैल मागे पडू लागले, तेव्हा त्यांना सोन्याच्या अक्षरांचा एक ताम्रपट दिला गेला. मथितार्थ असा की दुसऱ्याच्या रांजणातलं पाणी आणि छपरावरचं गवत तुम्ही घेऊ शकता, आणि दिवसाला तीन खून माफ. वऱ्हाड पोलिसातल्या कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात बंजाऱ्यांवर जी टिपणं लिहिली त्यांच्यामुळे ही कथा छापात आली. त्यात दंतकथा किती हा भाग सोडा. ज्यांच्या छपरावरचं गवत गेलं त्या गरिबांचं काय झालं असेल, हाही प्रश्न आहेच. पण ताम्रपटात काय मागितलंय ते बघा. पैसा नाही, जमीन नाही. वाटेवरचं पाणी आणि चारा.

माझ्या डोक्यात एकदम ट्यूब पेटली. हा तर व्हिसा झाला! मी शेंगेनसाठी सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट, तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न, कंपनीचं पत्र, हॉटेलची बुकिंगं असा गठ्ठा दिला, तो याचसाठी ना? की वाटेत मला कोणी अडवू नये, आणि तिथलं पाणी मी पिऊ शकावं. प्रवासाला लागणारी सगळ्यात जड वस्तू बॅगेत मावत नाही. ती म्हणजे वाटेतल्या लोकांची परवानगी.

आणि ती काढून घेतली की काय होतं, हेही याच इतिहासात आहे.

१८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोचली. १८७० मध्ये खास कापसासाठी खामगावचा फाटा सुरू झाला, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला. सोबत आल्या कापूस दाबून गाठी बांधणाऱ्या प्रेस. फुगणाऱ्या कापसाचा प्रश्न यंत्राने सोडवला. (आपण स्वेटर व्हॅक्यूम पिशवीत दाबतो ना, तेच. आज भारतात कापसाची गाठ १७० किलोची धरतात.) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून कारंज्यामार्गे यवतमाळला नॅरोगेज आली. हीच ती आता बंद पडलेली 'शकुंतला'. बैलांचं काम एका पिढीत संपलं.

धंदा बुडणं एक वेळ समजू शकतो. टेक्नॉलॉजी बदलते, आमच्याही क्षेत्रात रोज बदलते. पण १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो पुढे वाढत गेला, १९११ आणि १९२४ मध्ये नवी रूपं आली, आणि अनेक प्रांतांत बंजाऱ्यांच्या गटांवरही तो शिक्का बसला. नाव नोंदवा, हजेरी द्या, गाव सोडायचं तर परवाना घ्या. ज्यांची अख्खी हुशारी घर पाठीवर बांधून चालण्यात होती, त्यांचं चालणंच संशयास्पद ठरलं. सामान तेच, बैल तेच, माणसं तीच. आधी ताम्रपट, आता हजेरीचं रजिस्टर. हा कायदा गेला १९५२ साली, ३१ ऑगस्टला. म्हणून विमुक्त. आपण फॉर्मवर 'व्हीजे-ए' असा जो रकाना बघतो, त्याच्या मागे ही सगळी कहाणी आहे. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनच्या वेळी मी तो रकाना कितीदा पाहिला असेन, पण अर्थ कधी विचारला नाही.

मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरचा माझा एक मित्र आहे. पोहरादेवी तिथून जवळ. सेवालाल महाराजांचं हे ठिकाण, रामनवमीला भर उन्हात लाखो लोक येतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं, नगाऱ्याच्या आकाराची इमारत आहे. या सगळ्याबद्दल बोलायला मी त्यालाच फोन लावला. गोण, ताम्रपट, पीटर मंडी, माझे सगळे भागाकार त्याला ऐकवले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला,

"तुले पॅकिंग मजेची वाटते बे. आमच्या घरी बोचकं बांधलं का माही शाळा सुटे."

त्याचे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली असायची, मग ट्रकमध्ये संसार. ज्वारीचं पीठ, चूल पेटवायचं साहित्य, गोधड्या, दोन पातेली, कोंबड्या. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजायचा. परत यायचे एप्रिल-मेमध्ये, उन्हात. चौथीपर्यंत तोही सोबत जायचा. मग याडीने, म्हणजे आईने, एका वर्षी त्याचे कपडे बोचक्यात बांधलेच नाहीत. वेगळ्या पिशवीत ठेवले आणि त्याला आश्रमशाळेत सोडलं. "त्या दिवशी मी लय रडलो," म्हणाला, "मले वाटलं माही जागा नाही राह्यली ट्रकमधे." आज तो नागपुरात सरकारी नोकरीत आहे.

मला आठवलं, आम्ही लहान असताना दरवर्षी उन्हाळ्यात आजोळी जायचो तेव्हा मी दारातल्या ट्रंकेवर बसून रिक्षाची वाट बघायचो. सामान बांधणं म्हणजे सुट्टी, हे समीकरण माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की कुणासाठी ते उलटंही असू शकतं, हे तिशीला टेकेपर्यंत कळलं नाही. एकाच जिल्ह्यात, पन्नास-साठ किलोमीटरवर.

रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो ग्रंथ लिहिला त्यात बंजाऱ्यांच्या एका बैलाचं वर्णन आहे. त्याला हटादिया म्हणत. लाल रेशमी कापड, पितळी घुंगरं, कवड्या यांनी सजवलेला, तांड्याबरोबर चालणारा. त्याच्यावर कधीच ओझं लादायचं नाही. जिथे एकेका किलोचा हिशोब, तिथे एक बैल रिकामा! मला हे आधी अजिबात ऑप्टिमल वाटलं नाही. आता वाटतं, सगळेच ओझ्याखाली असताना एक तरी मोकळा चालतोय हे बघणं माणसांनाही लागत असावं. मित्राच्या आईने त्या वर्षी ट्रकमध्ये न चढवलेली ती पिशवी मला आठवते.

असो. शीट मी डिलीट केली नाही (सवय!), पण बरंच काही उडवलं. तीन जीन्स गेल्या, सुती शर्ट आले. बाहीचे, पूर्ण. उन्हात अंग झाकावं, उघडं टाकू नये, हे वाळवंटातला अरब, तांड्यावरची याडी आणि माझे वडील तिघांनाही माहीत आहे. दोन दुपट्टे घेतले. ओआरएसची पाकिटं घेतली. फिरणं सकाळी आणि संध्याकाळी, दुपारी झोप. तिकडे 'सिएस्ता' म्हणतात म्हणून लाजायचं कारण नाही, आपली वामकुक्षीच ती. ग्रीसमध्ये तर २०२३ च्या जुलैत उष्णतेच्या लाटेमुळे ॲक्रोपोलिस दुपारी चक्क बंद ठेवावं लागलं होतं. जे आपल्या आज्यांना ठाऊक होतं ते तिकडच्या सरकारने नोटीस लावून सांगितलं.

सध्या माझ्या बॅगेचं वजन चौदा किलो आहे. बायकोची सोळा. रविवारी सकाळी आईला फोन केला आणि सांगितलं, की कांदा नेतोय.

"पण त्याईची तर बंदी हाय ना?"

म्हटलं, एअरपोर्टपर्यंत तर नेता येतो. पुढे सोडून देईन.

"मंग ठीक आहे," आई म्हणाली. "अन् पानी पेत जाय."